घाटात तापणारा ट्रक आणि विजेचा पंखा

मे महिन्यातील दुपारी कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढताना एक दृश्य हमखास दिसते. रस्त्याच्या कडेला मालाने भरलेला जुना ट्रक उभा असतो, बॉनेट उघडे असते, रेडिएटरमधून वाफ निघत असते आणि क्लीनर पाण्याचा कॅन घेऊन इंजिन निवण्याची वाट पाहत असतो. आपण मोटारीतून शेजारून निघून जातो. ट्रकमालकाची मात्र तेथे एक खेप बुडालेली असते आणि हेड गॅस्केट जळाले असेल तर महिन्याची कमाईही.

परिचयातील एका ट्रकमालकाने अलीकडेच विचारले, "इंजिनावरचा पंखा काढून मोटारीसारखे विजेचे दोन पंखे बसवले तर? गाडी तापणार नाही आणि डिझेलही वाचेल, असे म्हणतात." त्याचा ट्रक पंधरा वर्षांहून जुना आणि हलक्या वर्गातला आहे. गॅरेजांमध्ये हा सल्ला आता सर्रास दिला जातो. तो पूर्णतः खोटा नाही, पण पूर्णतः खराही नाही. म्हणूनच त्यामागचे शास्त्र समजून घेणे उपयुक्त ठरेल.

वीस गीझरची उष्णता

डिझेल जळून निर्माण होणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांपर्यंत पोहोचते, तेवढीच धुरावाटे बाहेर जाते आणि उरलेल्या ऊर्जेचा बराचसा भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरतो. सुमारे 75 अश्वशक्तीचे इंजिन घाटात पूर्ण जोर लावत असेल, तर पाण्यात उतरणारी उष्णता 40 किलोवॅटच्या घरात असते. आपल्या न्हाणीघरातील गीझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे असे वीस गीझर एकाच वेळी चालू आहेत आणि त्यांची सारी उष्णता दोन-तीन फुटी जाळीतून हवेत सोडायची आहे, अशी कल्पना करावी.

ही उष्णता वाहून नेण्यासाठी हवा किती लागेल, याचा हिशेब सोपा आहे. जाळीतून जाताना हवा 25 अंशांनी तापते असे धरले, तर दर सेकंदाला 1.6 किलो, म्हणजे जवळजवळ दीड घनमीटर हवा खेचावी लागते. सपाट रस्त्यावर ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने जाताना समोरून येणारा वारा हे काम बहुतांशी आपणच करतो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ताशी पंधरा किलोमीटरने सरपटताना मात्र वाऱ्याचा उपयोग जवळपास शून्य. तेथे सारी भिस्त पंख्यावर असते.

जुन्या पंख्याचे गुणदोष

जुन्या ट्रकात हा पंखा पट्ट्यावर, म्हणजे फॅन बेल्टवर चालतो. इंजिन जितके जोरात फिरेल तितका पंखाही फिरतो. यात मोठी उधळपट्टी आहे. पंख्याला लागणारी शक्ती त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला 1,200 फेऱ्यांवर अर्धा किलोवॅट खाणारा पंखा 2,400 फेऱ्यांवर त्याच्या आठपट, म्हणजे चार किलोवॅट शक्ती खातो. सपाट महामार्गावर, जेथे वारा फुकट मिळतो, तेथेही तो ही शक्ती खातच राहतो. उलट वाहतूककोंडीत इंजिन मंद धडधडत असताना हवेची गरज असते आणि नेमका तेव्हाच पंखाही मंदावतो.

विजेच्या पंख्याची भलामण होते ती या दोन दोषांमुळे. त्याचे इंजिनाच्या गतीशी काही देणेघेणे नसते. गरज पडली की सुरू, भागली की बंद. मोटारींमध्ये इंजिन आडवे बसू लागले, तेव्हा त्याच्या पट्ट्यावरून समोरचा पंखा फिरवणे गैरसोयीचे झाले आणि विजेचा पंखा रूढ झाला. आपल्याकडे 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 ने तो घरोघरी नेला. अँबेसेडर आणि पद्मिनीचा पंखा मात्र पट्ट्यावरच फिरत असे.

परंतु घाटातील परिस्थिती पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणावी. तेथे गिअर खालचा असतो, गाडी हळू चालते, पण इंजिन मात्र जोरात फिरत असते. म्हणजे उष्णता सर्वाधिक असते त्याच क्षणी पट्ट्यावरचा पंखाही पूर्ण वेगात असतो. जुन्या अभियंत्यांनी ही रचना ट्रकासाठी निवडली, त्यात भोळेपणा नव्हता.

आता विजेच्या पंख्याची ताकद पाहू. बारा व्होल्टवर 25 अँपिअर घेणारा पंखा 300 वॅटचा झाला. असे दोन बसवले तर 600 वॅट, म्हणजे एक अश्वशक्तीही नाही. चार किलोवॅटच्या पंख्याची बरोबरी त्यांनी कशी करावी? विजेचा पंखा शक्ती वाचवतो हे खरे, पण त्या बचतीचा एक भाग 'कमी हवा ओढणे' हाच असतो. शिवाय खोक्यावर छापलेला हवेचा आकडा बहुधा पंख्यासमोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. दाट जाळीतून हवा ओढताना तो बराच घसरतो. पुन्हा ही वीज काही फुकट येत नाही. अल्टरनेटरमधील व्यय धरला, तर 600 वॅटसाठी इंजिनाला एक किलोवॅटच्या आसपास शक्ती द्यावी लागते.

बदल करायचाच असेल तर

एवढे असूनही हलका ट्रक प्रामुख्याने शहरात, अर्ध्या भाराने धावत असेल, तर हा बदल उपयोगी ठरू शकतो. इंजिनाचा आवाज कमी होतो, सकाळी ते लवकर योग्य तापमानाला येते आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना पंखा बंद ठेवता येतो. पट्ट्यावरचा पंखा पाण्यात शिरला, तर त्याची पाती वाकून जाळी फाटण्याचा धोका असतो. मात्र काही पथ्ये पाळावी लागतात.

पंखा रेडिएटरच्या मागे, हवा ओढणारा असावा. पुढे बसवून हवा ढकलणारा पंखा वाऱ्याच्या वाटेतच उभा राहतो. पंख्याभोवती पूर्ण जाळी झाकणारे आवरण हवे, अन्यथा पात्यांसमोरच्या वर्तुळापुरतीच हवा जाते. त्या आवरणाला रबरी झडपा असल्या, तर वेगात जाताना वाऱ्याची अडवणूक होत नाही. पंखा जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून कधीही बांधू नये. सततच्या थरथरीने त्या नळ्या कापतात.

तापमानाचा स्विच थर्मोस्टॅटशी जुळवून घ्यावा. थर्मोस्टॅट 82 अंशांना उघडू लागत असेल, तर पंखा 92 ते 95 अंशांना सुरू व्हावा आणि 86-87 ला बंद व्हावा. तो 80 वर ठेवला, तर पंखा क्वचितच थांबेल आणि बदलाचा हेतूच फसेल.

सर्वांत मोठा धोका विजेच्या जोडणीत आहे. सुरू होताना पंखा नेहमीच्या कितीतरी पट विद्युतप्रवाह घेतो. त्यामुळे जाड वायर, प्रत्येक पंख्याला स्वतंत्र रिले आणि बॅटरीलगत फ्यूज अनिवार्य आहे. घाईने केलेल्या जोडणीतून गाडी पेट घेऊ शकते. जुन्या हलक्या ट्रकांचा अल्टरनेटर अनेकदा 35 ते 50 अँपिअरचाच असतो. रात्री, पावसात दिवे आणि वायपर चालू असताना आणखी 50 अँपिअर कोठून येणार? म्हणजे अल्टरनेटरही बदलणे आले. आपली गाडी 12 व्होल्टची आहे की 24 ची, हे पंखा विकत घेण्यापूर्वीच पाहावे.

पट्ट्यावरचा पंखा बंद पडला तर चालकाला बहुधा कळते, कारण पट्टा तुटला की चार्जिंगचा लाल दिवा लागतो. विजेचा पंखा मुकाट्याने मरतो. म्हणून चालकासमोर अचूक तापमापक, धोक्याचा दिवा आणि हाताने पंखा सुरू करण्याचा स्विच असलाच पाहिजे. आणखी एक गोष्ट विसरू नये. अनेक जुन्या इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पंखा काढला तरी पट्टा राहिलाच पाहिजे.

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असे फेरफार करता येत नाहीत. पंख्याचा उल्लेख नोंदणीपत्रात नसला, तरी आगीचा प्रसंग ओढवला तर विमा कंपनी वायरिंगबद्दल विचारणारच. तेव्हा तिला आधी लेखी कळवणे शहाणपणाचे.

जड मालाने भरलेल्या आणि रोज घाट चढणाऱ्या ट्रकाला मात्र वेगळा उपाय आहे. पट्ट्याचाच पंखा ठेवून मध्ये विस्कस कपलिंग बसवतात. त्यातील सिलिकॉनचे दाट तेल आणि उष्णतेने वाकणारी धातूची पट्टी पंख्याला गरजेपुरतेच इंजिनाशी जोडते. सपाटीवर बचत, घाटात पूर्ण ताकद.

आधी रोग, मग औषध

या साऱ्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: हा ट्रक नवा होता तेव्हा याच घाटात तापत होता का? नसेल, तर दोष पंख्याच्या जातीत नाही. सैल पट्टा, अडकलेला थर्मोस्टॅट, झिजलेला पंप, चिखलाने बुजलेली जाळी, असे काहीतरी बिघडले आहे. रेडिएटरच्या झाकणाकडे तर कोणी पाहतही नाही. ते आत दाब धरून ठेवते. सुमारे एक बार जादा दाबाखाली पाणी 100 ऐवजी 120 अंशांना उकळते. झाकणाचे रबर गेले की हे वीस अंशांचे संरक्षण गेले. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच पाणी क्षणात उकळून अंगावर येते.

त्या ट्रकमालकाला आधी रेडिएटर उघडून पाहायला सांगितले. वर्षानुवर्षे विहिरीचे आणि ओढ्याचे पाणी भरल्याने निम्म्या नळ्या क्षारांनी बुजल्या होत्या. रेडिएटर दुरुस्त झाला, कूलंटचे योग्य मिश्रण भरले गेले, झाकण आणि पट्टा बदलला. पुढच्या खेपेला ट्रक भरल्या मालानिशी कसारा घाट न थांबता चढला, तोही जुन्याच पंख्यावर.