केंट : परगणा, किताब आणि बिगूल

केंट हा इंग्लंडच्या आग्नेयेकडील परगणा. 'ड्यूक ऑफ केंट' हा किताब त्यावरूनच. पण मग 'केंट बिगूल' कोठून आला?

साध्या बिगुलाच्या नळीची लांबी बदलत नाही. ओठ कितीही आवळा, कंपनसंख्या २:३:४:५:६ अशीच चढते. म्हणजे सा, प, सां, गं, पं. मधले म, ध, नी मुळी निघतच नाहीत! त्यामुळे सैन्याला इशारे देता येत, गाणे मात्र वाजवता येत नसे. १८१० साली डब्लिनमध्ये जोसेफ हॅलिडे यांनी नळीला भोके पाडून त्यांवर पाच चाव्या बसवल्या. भोक उघडले की वायुस्तंभ आखूड होतो, स्वर चढतो.

व्हिक्टोरिया राणीचे वडील एडवर्ड तेव्हा ड्यूक ऑफ केंट होते. त्यांच्या सन्मानार्थ हे नाव पडले. पुढे झडपांच्या वाद्यांनी त्याला मागे सारले.