मनोरा पाडला, शर्यत राहिली

१ मे म्हटलं की आपल्याला काय आठवतं? महाराष्ट्र दिन, झेंडावंदन, आणि सबमिशनच्या धावपळीत मिळालेली एक हक्काची सुट्टी! जर्मनीतही १ मेला सुट्टी असते, पण ती कामगार दिनाची. आणि फ्रँकफुर्टच्या लोकांना त्या दिवशी आणखी एक गोष्ट हमखास आठवते, ती म्हणजे सायकलची रेस.

मला या रेसचा पत्ता लागला तो जर्मनच्या क्लासमध्ये. मॅडमनी फ्रँकफुर्टचा एक जुना फोटो दाखवला. उंचच उंच काँक्रीटचा मनोरा, त्याच्या डोक्यावर पिंपासारखं काहीतरी, आणि खालून चाललेला सायकलवाल्यांचा घोळका. मी पडलो सिव्हिलचा, त्यामुळे लगेच विचारलं, "मॅडम, ही पाण्याची टाकी का?" मॅडम हसल्या. ती टाकी नव्हतीच. ते होतं धान्याचं कोठार, आणि त्या कोठाराच्या नावाने पुढे जवळजवळ पन्नास वर्षं रेस चालली! मग काय, घरी आल्यावर वाचायला बसलो आणि वाचतच गेलो.

गोष्ट अशी. फ्रँकफुर्टमध्ये हेनिंगर नावाची बिअर बनवणारी कंपनी होती. बिअरसाठी लागते बार्ली, आणि बार्ली साठवायला लागते जागा. म्हणून कंपनीने सुमारे १२० मीटर उंचीचा सायलो बांधला. त्यात १६,००० टन बार्ली मावायची. १९६१ साली तो सुरू झाला आणि नंतर काही वर्षं शहरातली सगळ्यात उंच इमारत तीच होती. वरच्या त्या पिंपात चक्क फिरतं रेस्टॉरंट होतं. बसल्या जागी जेवता जेवता अख्खं शहर बघून घ्यायचं! लोक त्याला 'हेनिंगर टुर्म' म्हणायचे. टुर्म म्हणजे मनोरा.

त्याच सुमारास हेरमान आणि एरविन मोस या दोन भावांच्या डोक्यात शहरात एक मोठी सायकल रेस भरवायची कल्पना होती. कंपनीला नव्या मनोऱ्याची जाहिरात हवी होती, भावांना पैसा. दोघांचं जमलं आणि १ मे १९६२ ला पहिली रेस झाली. नाव ठेवलं 'रुंड उम डेन हेनिंगर टुर्म', म्हणजे 'हेनिंगर मनोऱ्याभोवती'. बेल्जियमचा आर्मांड डेस्मेट पहिला आला. पुढे १९७० साली जर्मनीचा लाडका रुडी आल्टिग जिंकला, आणि १९७१ साली तर एडी मर्क्स! सायकलिंगमध्ये मर्क्स म्हणजे क्रिकेटमधला ब्रॅडमन समजा. त्याच वर्षी त्याने टूर द फ्रान्सही जिंकली होती.

आता जरा टेक्निकल. (घाबरू नका, फर्स्ट इयरचं मेकॅनिक्सच आहे!)

ही वन-डे रेस आहे. टूर द फ्रान्ससारखी तीन आठवडे चालत नाही. साधारण २०० किलोमीटर, एकाच दिवसात, काय तो निकाल लागतो. फ्रँकफुर्ट शहर सपाट आहे, पण बाजूलाच टाउनुसचे डोंगर आहेत. त्यातला सगळ्यात उंच फेल्डबर्ग, सुमारे ८८० मीटर. शिवाय माम्मोल्सहाइन नावाच्या गावात एक छोटी पण भयंकर चढण आहे. तिथला चढ काही ठिकाणी २० टक्क्यांच्याही वर जातो. आणि एवढं सगळं करून शेवटी परत सपाट रस्त्याने शहरात यायचं. या रेसची सगळी गंमत या नकाशातच आहे.

कशी ते बघा. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरने जाताना सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि त्यासाठी लागणारी पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणूनच सगळे घोळक्यात, एकमेकांच्या मागे चिकटून जातात. मागच्याला पाव ते एक तृतीयांश ताकद सहज कमी लागते. पण चढावर वेग कमी होतो, हवेचा प्रश्न मागे पडतो आणि समोर उभं राहतं गुरुत्वाकर्षण. समजा ८ टक्के चढ आहे आणि वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. रायडर ७० किलोचा, सायकल ८ किलोची. ७८ गुणिले ९.८१ गुणिले ०.०८ गुणिले ५, म्हणजे साधारण ३०६ वॅट नुसतं वजन वर न्यायला लागतात. आता रायडर ८२ किलोचा धरा. उत्तर येतं ३५३ वॅट. वरचे ४७ वॅट कुठून आणायचे?

म्हणजे डोंगरात हलके गडी पुढे पळतात आणि धिप्पाड स्प्रिंटर मागे पडतात. पण मग सपाट रस्ता येतो, तिथे वजनाचं ओझं फारसं जाणवत नाही आणि मागच्या घोळक्याला एकमेकांचा आडोसा मिळतो. पुढे पळालेले चार-पाच जण हवेशी झुंजत असतात, मागचे पन्नास जण पाळीपाळीने पुढे येऊन त्यांना गाठायला बघतात. शेवटच्या काही किलोमीटरपर्यंत कुणालाच सांगता येत नाही की कोण जिंकणार! नॉर्वेचा तगडा स्प्रिंटर अलेक्झांडर क्रिस्टोफ इथे चार वेळा जिंकला (२०१४, २०१६, २०१७ आणि २०१८). तो विक्रम आहे. अलीकडे आयोजकांनी फेल्डबर्ग दोनदा चढायला लावून स्प्रिंटर लोकांचं काम आणखी अवघड केलंय.

आता गोष्टीतला वाईट भाग. २००७ साली इथे पॅट्रिक सिंकेवित्स जिंकला आणि दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, तो डोपिंग टेस्टमध्ये सापडल्याचं जाहीर झालं. जर्मनीच्या दोन मोठ्या सरकारी चॅनेल्सनी टूर द फ्रान्स दाखवणंच मधेच बंद केलं. इथे तीनदा जिंकलेल्या एरिक त्साबेलनेही त्याच वर्षी डोपिंगची कबुली दिली, आणि २०१३ साली तर ते अनेक वर्षं चालू होतं हे मान्य केलं. लोकांचा विश्वास उडाला. कुठली कंपनी अशा खेळावर पैसे लावणार? जर्मनीची मोठी रेस, डॉइचलांड टूर, २००८ नंतर दहा वर्षं झालीच नाही.

आणि नेमकं त्याच वेळी हेनिंगरचं नावही गेलं. कंपनी आधीच दुसऱ्यांच्या ताब्यात गेली होती. २००८ ची रेस त्या नावाची शेवटची. खरं तर इथे विषय संपायला हवा होता. पण शेजारचं एश्बोर्न नावाचं गाव पुढे आलं. वस्ती जेमतेम वीस-एकवीस हजार, पण बँका आणि कंपन्यांची ऑफिसं भरपूर. २००९ पासून रेस एश्बोर्नहून निघायला लागली आणि आज तिचं नाव आहे 'एश्बोर्न-फ्रँकफुर्ट'. २०१३ साली तो मनोराही पाडला. त्या जागी आता जुन्यासारखाच दिसणारा, राहत्या फ्लॅट्सचा नवा टॉवर उभा आहे. फिनिश लाइन तर केव्हाच तिथून हलली. ती आता जुन्या ऑपेरा हाउससमोर असते.

तरीही संकटं संपली नव्हती. २०१५ साली रेसच्या आदल्या दिवशी ती रद्द करावी लागली. रस्त्यावरच्याच एका गावात पोलिसांनी एका जोडप्याला पकडलं होतं आणि घरात पाइप बॉम्ब सापडला होता. संशय कुणाला आला माहितेय? दुकानातल्या कर्मचाऱ्याला! तीन लिटर हायड्रोजन पेरॉक्साइड कशाला लागतं, हा साधा प्रश्न त्यांना पडला. मग २०२० साली कोविड. २०२१ साली १ मे हुकला, तर त्यांनी सप्टेंबरमध्ये रेस घेतली. पण घेतली! १९६२ पासून फक्त दोन वर्षं ती झाली नाही. २०१७ पासून ती टूर द फ्रान्सच्या आयोजकांकडे आहे आणि जगातल्या सगळ्यात वरच्या श्रेणीत, म्हणजे वर्ल्ड टूरमध्ये धरली जाते. २०२५ साली बासष्टावी झाली, ऑस्ट्रेलियाचा मायकेल मॅथ्यूज जिंकला.

हे सगळं मी का लिहितोय? यंदा आपल्या फेस्टचा मुख्य स्पॉन्सर शेवटच्या क्षणी मागे हटला. मीटिंगमध्ये अर्धा तास कुणी बोललंच नाही, मग एकाने म्हटलं, "या वर्षी राहू दे ना." मीही मान डोलावली होती. आज त्याची लाज वाटते.

बार्लीचं कोठार गेलं, कंपनी गेली, नाव गेलं. मग राहिलं काय? १ मे ही तारीख राहिली. टाउनुसचे चढ राहिले. आणि दर वर्षी त्याच दिवशी, त्याच रस्त्यांवर हौसेने सायकल काढणारे हजारो साधे लोक राहिले, कारण मोठ्या रेसबरोबर त्यांचीही एक रेस असते. सिव्हिलमध्ये आपण शिकतो की इमारत कशावर उभी आहे ते आधी शोधा. बाहेरून वाटायचं की रेस त्या मनोऱ्यावर उभी आहे. मनोरा काढल्यावर कळलं की लोड भलतंच कुणीतरी घेत होतं!

पुढच्या वर्षी स्पॉन्सर मिळो न मिळो, मी मीटिंगमध्ये मान डोलावणार नाही. तुम्ही?