आवाजाची खोली घेण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या गावातील एक माता आमच्याकडे सल्ला विचारण्यास आली. तिचा मुलगा पदवीधर आहे. मराठी, कोंकणी व कन्नड ह्या तिन्ही भाषा तो सारख्याच सहजतेने बोलतो, आणि आवाजही मूळचाच भरदार. गेली दोन वर्षे तो घरी बसून जाहिरातींना, शिक्षणाच्या चित्रफितींना आणि ध्वनिपुस्तकांना आपला आवाज देतो व त्यावर घरास चार पैसे लावतो. परंतु अलीकडे दोन वेळा त्याचे वाचन परत आले. शब्दांच्या मागे कोंबडा आरवत होता आणि विहिरीवरच्या पंपाची घरघर चालू होती. तेव्हा शहरातील एका विक्रेत्याने त्यास तयार ध्वनिरोधक कक्ष दाखविला. किंमत दीड लाख रुपये. माता आपल्या बांगड्या सोसायटीत गहाण ठेवावयास निघाली होती. "फादर, ही खोली घेतली म्हणजे बाहेरचा आवाज बंद होईल ना?" एवढाच तिचा प्रश्न होता.

प्रश्न सरळ होता. पण आम्ही त्यास एकदम होय वा नाही म्हणू शकलो नाही. हल्ली गावोगावची मुले अशा कामाकडे वळत आहेत. यास्तव त्या मातेशी जे बोललो, तेच येथे थोड्या विस्ताराने मांडीत आहो.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. बाहेरचा आवाज आत न येणे ही एक गोष्ट. आतला आवाज आतल्या आत न घुमणे ही दुसरी. ह्या दोहोंचे उपाय निरनिराळे आहेत, आणि बहुतेकांचे पैसे वाया जातात ते ह्यांची गल्लत केल्यामुळे.

दुसरी गोष्ट आपणा सर्वांच्या अनुभवातील आहे. रिकाम्या चर्चमध्ये कोणी हाक मारली तर ती कितीतरी वेळ घुमत राहते. सणाच्या दिवशी तेच चर्च माणसांनी भरले की शब्द स्वच्छ ऐकू येतात. माणसे आणि त्यांची वस्त्रे आवाज शोषून घेतात. ह्याचे शास्त्र वॅलेस सॅबिन ह्या अमेरिकन अध्यापकाने बसविले. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही, त्यामुळे कोणालाच काही समजत नसे. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातील गाद्या आणून त्या रात्री-बेरात्री, सारे शांत असताना, तेथे मांडल्या आणि किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते हे मोजले. त्याच ज्ञानाच्या आधारे पुढे बोस्टनचे सिंफनी हॉल बांधले गेले व १९०० साली उघडले. परंतु वाचकहो, त्या गाद्यांनी रस्त्यावरच्या घोडागाडीचा आवाज थांबला नसता. गादी, रजई, स्पंज ह्या वस्तू आतला आवाज शांत करतात. बाहेरचा अडवीत नाहीत. भिंतीवर अंड्यांचे पुठ्ठे चिकटविणाऱ्यांनी तर दोन्हींची आशा सोडावी.

बाहेरचा आवाज अडविण्यास तीन गोष्टी लागतात : वजन, घट्ट बंदिस्तपणा आणि अलगपणा.

वजन म्हणजे भिंतीचा जडपणा. भिंतीचे वजन दुप्पट केले तर अडणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. डेसिबल हे आवाजाचे माप. आपल्या कानास आवाज निम्मा वाटावा तर तो सुमारे १० डेसिबलने उतरावा लागतो. म्हणजे भिंत दुप्पट जड करूनही कानास निम्मा फरक पडत नाही. म्हणूनच जाणते लोक एकच जाड भिंत करण्यापेक्षा मध्ये पोकळी सोडून दोन स्वतंत्र भिंती उभारतात आणि पोकळीत काचलोकर किंवा रॉकवूल भरतात. हाच अलगपणा. कक्षाच्या तळाशी रबराचे ठोकळे घालतात तेही ह्याचसाठी, की पंपाचा किंवा मिक्सरचा थरकाप जमिनीतून वर चढू नये.

बंदिस्तपणाकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष जाते. सात फूट उंच व तीन फूट रुंद दाराखाली पाऊण इंचाची फट राहिली, तर ती त्या दाराच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढी होते. तेवढी एक फट असली की दार कितीही जड असो, ते २० डेसिबलच्या फार पुढे जात नाही. रांजणास तळाशी छिद्र असेल तर त्याची जाडी पाहून काय उपयोग? कक्ष पाहावयास जाल तेव्हा भिंतीपेक्षा दार पाहा : चारी बाजूंस रबराची पट्टी आहे काय, उंबरा आहे काय, कडी लावताच दार घट्ट दाबले जाते काय.

आपल्याकडील घरांची एक विशेष गोष्ट येथे सांगावयास हवी. आपल्या भिंती पुष्कळदा जांभ्या चिऱ्याच्या, चांगल्या जाड असतात. त्या आवाज उत्तम अडवितात. पण वर असतात कौले, आणि कौलांच्या फटींतून सारे गाव घरात येते. पावसाळ्यात तर विचारूच नये. तेव्हा अशा घरात भिंतींना काही लावण्यात अर्थ नाही. कक्षास स्वतःचे जड व बंद छत आहे की नाही, हेच मुख्य. वरून उघडा किंवा केवळ पडद्यांचा कक्ष घेतल्यास पहिल्याच सरीला पश्चात्ताप होईल.

आता खर्चापूर्वीची परीक्षा. ध्वनिपुस्तकांचे काम करणाऱ्या एसीएक्स ह्या परदेशी व्यवस्थेने नियम घालून दिला आहे की, वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलांच्या दरम्यान असावी, आणि कोणी बोलत नसतानाची कुजबुज उणे ६० डेसिबलांच्या वर जाऊ नये. येथे यंत्राची सर्वोच्च पातळी शून्य धरून खाली मोजतात. हे माप घरच्या परीक्षेसही चांगले. ऑडॅसिटी नावाचा मोफत संगणक-कार्यक्रम ते दाखवितो. आधी नेहमीच्या आवाजात वाचून पातळी जुळवावी. मग तीच जुळणी ठेवून अर्धा मिनिट गप्प बसून ध्वनिमुद्रण करावे. हे सकाळी, दुपारी, रात्री आणि घरातील प्रत्येक खोलीत करून आकडे वहीत लिहावेत. पंखा व फ्रिज बंद करून पुन्हा पाहावे. पुष्कळदा असे दिसून येते की, शत्रू बाहेर नसून डोक्यावरचा पंखाच होता. मायक्रोफोन तोंडाजवळ आणला तरीही लाभ होतो : अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने चढतो, आणि पार्श्वभूमी आहे तेथेच राहते. ज्या मायक्रोफोनला मागच्या बाजूने कमी ऐकू येते, त्याची पाठ गोंगाटाकडे करावी.

एवढे करूनही उणीव राहिली, तर ती किती डेसिबलांची आहे हे वहीवरून कळेल, आणि विक्रेत्याशी बोलताना तोच आपला आधार. विक्रेते दोन आकडे सांगतात. एक एनआरसी; तो आतील शोषणाचा आकडा आहे, बाहेरचा आवाज अडविण्याशी त्याचा संबंध नाही. दुसरा एसटीसी, तो अडविण्याचा, परंतु १२५ हर्ट्झच्या खालच्या जाड आवाजाचा त्यात विचारच नसतो. पंप, ट्रक, लग्नातील ढोल ह्यांचा आवाज नेमका तिकडचा. म्हणून विचारावे : हा आकडा नुसत्या फळीचा, की दार व पंखा बसविलेल्या संपूर्ण कक्षाचा? जाड आवाजासाठी निराळा आकडा आहे काय? आणि सर्वांत उत्तम म्हणजे, बाहेर मोबाईलवर गाणे लावून स्वतः आत बसावे, दार लावावे आणि ऐकावे.

आकारमानाचाही विचार करावा. चार फूट रुंद व चार फूट लांब असा चौरस कक्ष स्वस्त पडतो. परंतु चार फुटांच्या समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये सुमारे १४० हर्ट्झचा सूर घुमतो, आणि पुरुषाच्या आवाजाचा पाया नेमका त्याच्या आसपास असतो. लांबी-रुंदी सारखी असली तर ते घुमणे दुणावते आणि वाचन डब्यातून आल्यासारखे वाटते. निदान पाच फूट लांब व चार फूट रुंद असावा. इंचभर स्पंजाने ते घुमणे जात नाही. तो केवळ बारीक स्वर खातो आणि जाड तसेच ठेवितो. कोपऱ्यांत चार इंच जाडीचे रॉकवूल कापडात गुंडाळून बसविणे बरे.

आता दोन गोष्टी जिवाच्या. पहिली हवा. चार फूट लांब-रुंद व सात फूट उंच कक्षात सुमारे ३,२०० लिटर हवा मावते. स्वस्थ बसलेला मनुष्य तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. हवेची ये-जा नसेल तर अर्ध्या तासात दहा लाख भागांत त्याचे ३,००० भाग होतात. बाहेरच्या हवेत ते ४२० च्या आसपास असतात. डोके जड होते, वाचन चुकते, घामाने अंग भिजते. म्हणून हवा आत येण्यास एक व बाहेर जाण्यास दुसरा, असे दोन नागमोडी मार्ग हवेत. त्यांना आतून शोषक अस्तर असावे आणि पंखा कक्षाबाहेर असावा. ज्या कक्षास हवेची वाट नाही, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

दुसरी आग. स्वस्त स्पंज भराभर पेटतो व विषारी धूर सोडतो. २० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेतील ऱ्होड आयलंड प्रांतात एका नाचगाण्याच्या क्लबात आतषबाजीच्या ठिणगीने भिंतीवरचा असा स्पंज पेटला आणि १०० माणसे दगावली. काचलोकर व रॉकवूल पेटत नाहीत. कक्षाचे दार बाहेर उघडणारे असावे, त्यास आतून कुलूप नसावे, आणि आत उदबत्ती, मेणबत्ती वा जुनी वायर असू नये.

वजनाचेही भान हवे. साडेबारा मिलिमीटर जाडीची जिप्समची फळी चौरस मीटरला सुमारे ९ किलो भरते. पाच बाय चार फुटांच्या कक्षास आतून-बाहेरून एकेक थर लावला तर केवळ फळ्यांचे २५० किलोच्या आसपास होतात, दोन-दोन थर लावल्यास ५०० किलो. जुन्या घराच्या लाकडी माडीवर हे ओझे चढवू नये. शिवाय आपल्याकडील ओलावा, वाळवी व बुरशी ह्यांचा विचार करून कक्ष भिंतीपासून वीतभर दूर ठेवावा आणि काम संपताच दार उघडे टाकावे.

त्या मातेच्या घरी आम्ही जाऊन आलो. मुलाने आठ दिवस वहीत आकडे लिहिले. माजघरामागची कोठीची खोली सर्वांत शांत निघाली. तिला खिडकी नव्हती, तिन्ही बाजूंस चिऱ्याच्या भिंती आणि वर फळ्यांचा पोटमाळा. माळ्यावर भाताची पोती रचली, दारास रबराची पट्टी लावली, भिंतींपुढे आजीच्या जुन्या वाकळी टांगल्या. दर अर्ध्या तासाने दार उघडून बसावयाचे आणि रात्री नवानंतर वाचावयाचे, असे ठरले. आकडा उणे ६२ वर उतरला. त्यानंतर त्याचे एकही वाचन परत आलेले नाही. दिवसाही काम करता यावे म्हणून तो कक्ष घेणारच आहे; पण आता गावच्या सुताराकडून, स्वतःच्या कमाईतून आणि वहीतला आकडा समोर ठेवून.

बांगड्या मातेच्या हातातच आहेत. ज्या घरी असा बेत चालू असेल, त्या घरच्या वडीलधाऱ्यांनी गहाणखतावर सही करण्यापूर्वी मुलाच्या हाती एक वही द्यावी, आणि आठ दिवस थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.