दूरचा वैद्य

बार्शी हे सोलापूर जिल्ह्यातील व्यापारपेठेचे जुने गाव. तेथून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. निरोगी माणसाला हे अंतर एका रात्रीच्या प्रवासाचे वाटते. परंतु कर्करोगाने जर्जर झालेल्या रोग्याला तेच डोंगराएवढे होते. सोबतीस घरचे कोणी तरी हवे, म्हणजे त्याची मजुरी बुडते, शेतीची कामे खोळंबतात, आणि परक्या शहरात राहण्याजेवण्याची सोय पाहावी लागते. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेव्हापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी तेथे येत आहेत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या संस्था त्यांतील अनेकांना आसरा देतात. तरी सर्वांनाच निवारा मिळतो असे नाही. रोग्याने तज्ज्ञाकडे जाण्याऐवजी तज्ज्ञाचे ज्ञानच रोग्याजवळ आणता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे दूरवैद्यक, अर्थात टेलिमेडिसिन होय.

याचे महत्त्व कळण्यासाठी कर्करोगाचे निदान कसे होते, ते पाहिले पाहिजे. अंगावर गाठ आली म्हणजे ती कर्करोगाचीच असते असे नाही. निश्चित निर्णयासाठी त्या गाठीचा लहानसा तुकडा काढतात. तो औषधी द्रवात टिकवून मेणात बसवितात आणि त्याचे सुमारे ४ सहस्रांश मिलिमीटर जाडीचे पापुद्रे कापतात. पापुद्रा काचपट्टीवर पसरून रंगविला, की पेशींची केंद्रके निळसर जांभळी व इतर भाग गुलाबी दिसू लागतो. मग विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शक यंत्रातून पेशींचा आकार आणि त्यांची मांडणी न्याहाळतो. काही गाठींच्या बाबतीत हा निर्णय इतका नाजूक असतो, की अनुभवी डोळ्यांनाही दुसऱ्याचे मत घ्यावेसे वाटते. येथे चूक झाली, तर रोग्याला नको ती शस्त्रक्रिया सोसावी लागते, किंवा हवे ते उपचार मिळत नाहीत.

एकविसाव्या शतकाच्या आरंभी बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आणि मुंबईचे टाटा स्मारक केंद्र यांनी या कामी एक उपक्रम हाती घेतला. काचपट्टीवरील निवडक भागांची छायाचित्रे सूक्ष्मदर्शकातून काढावयाची, ती संगणकाद्वारे मुंबईस पाठवावयाची आणि तेथील तज्ज्ञांनी ती पाहून आपले मत कळवावयाचे, अशी ही रीत होती. पहिल्या १०० रोग्यांच्या निदानांची छाननी करून तिचा वृत्तान्त २००४ साली प्रसिद्ध करण्यात आला. रोगी व काचपट्टी बार्शीतच राहिली. प्रवास केला तो केवळ चित्रांनी!

तथापि या रीतीस एक मर्यादा होती. दूरच्या तज्ज्ञाला तेवढेच दिसते, जेवढे पाठविणारा निवडतो. महत्त्वाचा भाग छायाचित्रातून निसटला, तर मुंबईतील तज्ज्ञही काय करणार? म्हणून चित्र पाठविणाऱ्याची दृष्टी ही पाहणाऱ्याच्या दृष्टीइतकीच तयार असावी लागते. आता संपूर्ण काचपट्टीचे चित्र घेणारी यंत्रे निघाली आहेत. त्यामुळे ही अडचण पुष्कळ कमी झाली आहे. पण अशी यंत्रे महाग असतात.

निदानानंतरही दूरवैद्यकाचा उपयोग होतो. कर्करोगावरील तीव्र औषधांमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी काही दिवस घटतात व शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते. अशा वेळी ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला, तर तो साधा ताप समजून स्वस्थ बसणे जिवावर बेतू शकते. रोग्याने वा त्याच्या नातेवाइकांनी दूरध्वनीवरून तत्काळ विचारले, तर तज्ज्ञ त्यास विलंब न लावता जवळच्या रुग्णालयात पाठवितो, आणि तेथील डॉक्टरांना रक्ततपासणी व औषधे यांविषयी सल्ला देतो. उलटपक्षी, केवळ अहवाल दाखविण्यासाठी होणारी खेप अनेकदा वाचविता येते. या कार्यास शिस्त यावी म्हणून भारत सरकारने मार्च २०२० मध्ये दूरवैद्यकाचे नियम घालून दिले.

दूरवैद्यकाने सर्वच कामे होतात असे मात्र नाही. गाठ किती कठीण आहे, हे बोटांनी चाचपूनच कळते. शस्त्रक्रिया आणि किरणोपचार यांसाठी रोग्याला रुग्णालयाची पायरी चढावीच लागते. तीव्र वेदना शमविणारे मॉर्फिन हे औषधही त्या नियमांनुसार दूरवरून लिहून देता येत नाही. त्यासाठी रोग्याला प्रत्यक्ष तपासावे लागते.

यावरून असे दिसते, की दूरचा वैद्य जवळच्या वैद्याची जागा घेत नाही, तर त्याचे बळ वाढवितो. तारांतून चित्र जाते, आवाज जातो, सल्लाही येतो; परंतु तो सल्ला अमलात आणणारा कुशल डॉक्टर, ताप मोजणारी दक्ष परिचारिका आणि वेळीच विचारणा करणारा जागरूक नातेवाईक ही माणसे गावातच असावी लागतात.