रस्त्याचा कोणता भाग आपला? – वर्ध्यातल्या चार रस्त्यांवरचं जगणं



परिसर अभ्यासात नकाशा शिकवताना आपण सगळेच एक कृती घेतो. 'घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढा.' मीही दरवर्षी घेते. दिशा, खुणा आणि सूची जमली की आपल्या दृष्टीने धडा पूर्ण होतो. यंदा मी त्यात एक सूचना वाढवली : 'रस्त्याचा जो भाग तुम्हाला आपला वाटतो, तो रंगवा.'

नकाशे तपासायला घेतले आणि मी थांबलेच. एका मुलाने अख्खी गल्ली रंगवली होती. मारुतीचं देऊळ, पानठेला, शेजारच्या तीन घरांचे ओटे, सगळं त्याचंच! एका मुलीने मात्र घराचं फाटक रंगवलं आणि तिथंच खडू ठेवला. मी विचारलं, "बाळा, पुढचा रस्ता नाही का रंगवायचा?" ती म्हणाली, "मॅडम, तो आमचा नाही. तो गाड्यांचा आहे."

दोघांचीही घरं शाळेपासून साधारण सारख्याच अंतरावर आहेत. दोघंही एका बाकावर बसतात. पण दोघांचं बालपण वेगळं आहे, आणि त्याचं एक मोठं कारण त्यांचा रस्ता आहे. आज याच विषयावर लिहिते आहे.

आधी आपलं गाव समजून घेऊ

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला. मुख्यालय आधी कवठ्याला होतं. १८६६ मध्ये पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी नवं शहर वसवलं गेलं, तेच आजचं वर्धा. म्हणजे आपलं शहर आपोआप वाढत गेलेलं नाही. आधी कागदावर रस्ते आखले आणि मग घरं आली. या आखणीशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या बॅचलर साहेबांचं नाव आजही बॅचलर रोडच्या रूपाने आपल्या तोंडी आहे. (मुलांना वाटतं तिथं सगळे बिनलग्नाचे राहतात! हा प्रश्न वर्गात नक्की येतो, तयारी ठेवा.) १८७४ मध्ये नगरपालिका झाली.

२०११ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या १,०६,४४४ होती. पण ही संख्या फक्त शहराच्या हद्दीतली आहे. शहराला चिकटून सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), बोरगाव (मेघे), सावंगी (मेघे), नालवाडी, म्हसाळा अशी गावं आहेत. नवीन आलेल्या माणसाला वर्धा कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं ते कळतच नाही. नोकरीनिमित्त आलेली, मुलांच्या शिक्षणासाठी आर्वी, आष्टी, कारंजा, देवळी, समुद्रपूरकडून आलेली कितीतरी कुटुंबं याच गावांत घरं बांधून राहतात. कोणी विचारलं तर आपण 'वर्ध्याला राहतो' असंच सांगतो.

आता मुलांच्या नकाशांत मला जे चार प्रकारचे रस्ते सापडले, ते बघू.

१. जुन्या वस्तीतली गल्ली

घराला घर लागून, दार थेट रस्त्यावर आणि दारापुढे ओटा. संध्याकाळी म्हातारी माणसं ओट्यावर बसतात, बाया भाजी निवडतात, पोरं मधोमध खेळतात. दुचाकी येते, पण माणसं बघून हळू येते. मूल पडलं तर आई यायच्या आधी शेजारची काकू धावते. पोरगा शाळा बुडवून फिरत असला तर बातमी त्याच्याआधी घरी पोहोचते!

याची दुसरी बाजूही आहे. इथं खाजगी काही राहत नाही. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं भांडण झालं, सगळं सगळ्यांना ठाऊक. गाडी ठेवायला जागा नाही, नाली तुंबली की सगळ्यांच्या दारात पाणी.

आणि जुनं सगळं चांगलंच होतं असंही आपण मुलांना शिकवू नये. रस्ता एकच असला तरी तो सगळ्यांसाठी सारखा नव्हता. याच वर्ध्यात जमनालाल बजाजांनी १९२८ मध्ये लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुलं केलं, ही मोठी घटना ठरली. याचा अर्थ त्याआधी त्या दारापर्यंत जाणारा रस्ता काही माणसांसाठी दारापाशीच संपत होता.

२. मोठ्या रस्त्याला लागून असलेलं घर

नागपूर रोड, आर्वी रोड अशा वाहत्या रस्त्यांवरची घरं. खाली दुकान आणि वर राहणं. सोयी भरपूर आहेत. ऑटो दारात मिळतो, दवाखाना जवळ, रात्री उजेड असतो. पण धूळ आणि हॉर्न दिवसभर. खिडकी बंद ठेवावी लागते. समोरच्या घरातलं मूल आपल्याच वर्गात असलं तरी मध्ये रस्ता आडवा येतो. माझी फाटकापर्यंत रंगवणारी विद्यार्थिनी अशाच घरात राहते. समोर फूटपाथ आहे, पण त्यावर गाड्या आणि ठेले उभे. आपल्या देशातल्या मानकांप्रमाणे पायी चालणाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. मुलांना टेप घेऊन मोजायला लावा, गणिताचा तासही होऊन जाईल.

३. लेआउटमधला रस्ता

वावर एन.ए. झालं, प्लॉट पडले, घरं उठली. माझं घर अशाच ठिकाणी आहे. रस्ता सरळ आणि रुंद, गाड्या कमी, हवा मोकळी. मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, म्हणजे खेळायलाही जागा. कागदावर पाहिलं तर मुलांसाठी यापेक्षा चांगला रस्ता नाही.

प्रत्यक्षात काय होतं? पहिली काही वर्षं रस्ता कच्चा. आपली काळी माती पावसात चपलेला अशी धरते की मुलं चप्पल हातात घेऊन शाळेत येतात. दोन घरांमध्ये चार रिकामे प्लॉट, त्यात गवत. विंचू-सापाची भीती आणि रात्री कुत्र्यांची. शिवाय प्रत्येक घराला उंच कंपाउंड आणि लोखंडी फाटक. शेजारी कोण राहतं हे नावाच्या पाटीवरून कळतं. रस्ता मोकळा आहे, पण त्यावर कोणी नाही.

४. गावठाणातली वाट

लेआउटच्या पलीकडे मूळ गाव असतंच. ग्रामपंचायत, देऊळ, जुनी विहीर, गोठे, सकाळी वावराकडे निघणारी माणसं. इथली मुलं रस्ता विचारला की डावं-उजवं सांगत नाहीत, "विहिरीपासून वर" असं सांगतात. त्यांचे नकाशे मापाला चुकले होते, पण खुणा सर्वात जास्त त्यांच्याकडेच होत्या. या मुलांना लेआउटमधली मुलं 'गावातले' म्हणतात आणि ती मुलं लेआउटवाल्यांना 'बाहेरचे'. शाळा मात्र एकच.

असा फरक का पडतो?

मुलीचं 'तो गाड्यांचा आहे' हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वाचन केलं तेव्हा कळलं की असाच प्रश्न घेऊन एका अभ्यासकाने आयुष्य घालवलं होतं. त्याचं नाव डोनाल्ड ॲपलयार्ड. त्याने १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात तीन निवासी रस्ते निवडले. बाकी सगळं बरंचसं सारखं, फरक वाहनांचा. एका रस्त्यावर दिवसाला सुमारे २,०००, दुसऱ्यावर ८,००० आणि तिसऱ्यावर १६,००० वाहनं. त्याने लोकांना विचारलं, तुमच्या रस्त्यावर तुमचे मित्र किती? कमी वाहनांच्या रस्त्यावर माणशी सरासरी ३ मित्र निघाले. सर्वात जास्त वाहनांच्या रस्त्यावर एकही पूर्ण नाही, ०.९! ओळखीची माणसंही ६.३ वरून ३.१ वर आली होती.

त्याने लोकांना 'आपलं घर' कुठपर्यंत वाटतं तेही नकाशावर दाखवायला सांगितलं. शांत रस्त्यावरच्या लोकांनी जवळजवळ सगळा रस्ता आपला म्हणून दाखवला. गजबजलेल्या रस्त्यावरचे लोक आपल्या इमारतीपुरतेच राहिले. माझ्या वर्गात नेमकं हेच झालं होतं.

पण वाहनं हे एकच कारण नाही. तसं असतं तर लेआउटमधल्या मुलांनी सर्वात जास्त रस्ता रंगवायला हवा होता. त्यांनीही फाटकाच्या थोडं पुढेच थांबवलं. मला यात आणखी दोन कारणं दिसतात.

पहिलं, रस्त्याकडे पाहणारे डोळे. ओटा, उघडं दार, पानठेला, दळणाची चक्की इथं माणसं असतात आणि ती नकळत पोरांवर लक्ष ठेवतात. उंच भिंतीमागून कोणालाच काही दिसत नाही. आपण भिंत सुरक्षिततेसाठी बांधतो, पण त्यामुळे रस्ता मात्र निर्मनुष्य होतो.

दुसरं, रस्ता कोणाचा हे ठाऊक नसणं. लेआउटमधला दिवा बंद पडला तर सांगायचं कोणाला? शहराच्या हद्दीत नगरपरिषद, हद्दीबाहेर ग्रामपंचायत. आमच्या भागात कितीतरी सुशिक्षित माणसं घरटॅक्स ग्रामपंचायतीत भरतात आणि तक्रार मात्र नगरपरिषदेच्या नावाने करतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होते, तिथं जात नाहीत. मग रस्ता कोणाचाच राहत नाही.

वर्गात हा पाठ कसा घ्याल?

आपल्या वर्ध्यातच ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद झाली आणि नई तालीम पुढे आली. हाताचं काम, भोवतालचा निसर्ग आणि भोवतालचा समाज यांच्याशी जोडून शिकवायचं, हा तिचा गाभा. त्यासाठी आपल्याला वेगळं साहित्य लागत नाही, रस्ता पुरतो.

१. घर ते शाळा नकाशा काढून 'आपला वाटणारा' भाग रंगवायला सांगा. कारण तोंडी विचारा.

२. सुटीच्या दिवशी मोठ्या माणसासोबत ओट्यावर, दारात किंवा गच्चीत उभं राहून दहा मिनिटं वाहनं मोजायची. ताळ्याच्या खुणा करायच्या. सोमवारी वर्गाचा तक्ता करा.

३. आपल्या रस्त्यावरच्या किती माणसांना नावाने ओळखता, ते मोजा. हा आकडा आणि वाहनांचा आकडा शेजारी-शेजारी लिहा. मुलं स्वतःच बोलायला लागतात.

४. आजी-आजोबांना विचारा, 'तुम्ही आमच्या वयाचे असताना एकटे कुठपर्यंत जात होता?'

५. रस्त्यावरचा दिवा, नाली, पाणी कोणाकडे आहे ते शोधा आणि एक अर्ज लिहा. भाषेचा पाठही होतो.

एक काळजी मात्र घ्या. घरं आणि वस्त्यांची तुलना होऊ देऊ नका. कोणाचं घर कुडाचं आहे, कोण कोणत्या वस्तीत राहतं, हे नकाशात दिसतं आणि मुलं लगेच बोलतात. वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला, पण बोलण्यात ती नावं अजून आहेत. ती वर्गात आली तर दुर्लक्ष न करता शांतपणे दुरुस्त करा.

आणि आपण मोठ्यांनी?

पालक सभेत मी नकाशे भिंतीवर लावले, नावं झाकून. तरी प्रत्येकाने आपल्या लेकराचा ओळखलाच! फाटकापाशी थांबलेल्या मुलीची आई बराच वेळ तिथं उभी होती. म्हणाली, "मॅडम, आम्ही तिला जपून राहिलो असं वाटत होतं." बोलता बोलता लक्षात आलं की त्यांच्या घरामागे एक बोळ आहे, आणि तो ज्या गल्लीत निघतो तिथं वर्गातल्या तीन मुली राहतात. दोन्हीकडच्या आया एकमेकींना ओळखत नव्हत्या. आता त्या चौघी मागच्या बोळाने सोबत शाळेत येतात. मोठा रस्ता आहे तसाच आहे, त्यावरच्या गाड्या काही आपण कमी करू शकलो नाही. पण पुढच्या वेळी काढलेल्या नकाशात तो बोळ पूर्ण रंगवलेला होता.

आता माझ्या घरचं सांगते. तीन वर्षांपूर्वी आम्ही जुन्या वस्तीतलं भाड्याचं घर सोडून लेआउटमध्ये स्वतःचं बांधलं. पाच फूट कंपाउंड, मोठं फाटक, मला फार अभिमान होता. माझे सासरे जुन्या घरी रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचे. इथं आल्यावर ते पोर्चमध्ये पेपर वाचत बसतात. एकदा म्हणाले होते, "घर चांगलं आहे बेटा, पण माणूस दिसत नाही." तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. मुलांचे नकाशे पाहिल्यावर घेतलं.

भिंत काही पाडली नाही. पण आता संध्याकाळी आम्ही फाटक उघडं ठेवतो आणि बाहेर कडुनिंबाखाली दोन खुर्च्या टाकतो. पहिले चार-पाच दिवस कोणी आलं नाही. मग कोपऱ्यावरचे एक रिटायर झालेले काका दुसऱ्या खुर्चीवर येऊन बसायला लागले. ते समोर बसलेले असतात म्हणून आता आजूबाजूची पोरं तिथं सायकल शिकतात. माझा मुलगाही त्यात असतो.

तुमच्या वर्गात आणि तुमच्या घरी हा नकाशा एकदा नक्की काढून पाहा. आधी मुलांना काढू द्या, मग स्वतः काढा, आणि दोन्ही शेजारी ठेवून बोला.