ट्रॅकवरचा विजेता डोंगरात कसा जिंकला? – ब्रॅडली विगिन्स



पुसदच्या आजूबाजूला डोंगर आहेत. मैदानावर सायकल पळवून पहिलं येणारं मूल घाटातही पहिलं येईलच असं नाही, हे आपण जाणतो. मग ट्रॅकवरचा ऑलिंपिक विजेता डोंगरातली शर्यत कशी जिंकला?

ब्रिटनच्या ब्रॅडली विगिन्सचा खास प्रकार म्हणजे वैयक्तिक परस्यूट. अंतर 4 किलोमीटर, म्हणजे 250 मीटरच्या ट्रॅकवर 16 फेऱ्या. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतो, गिअर एकच आणि पायडल मारणं थांबवता येत नाही. 2004 (अथेन्स) आणि 2008 (बीजिंग) अशी सलग दोन सुवर्णपदकं त्याने यात मिळवली.

रस्त्यावरच्या शर्यती तो आधीपासून खेळत होताच. 2008 नंतर त्याने सगळं लक्ष तिकडे वळवलं. चढावर प्रत्येक किलो जड होतो, म्हणून त्याने वजन घटवलं. 2011 च्या टूर दि फ्रान्समध्ये तो पडला, गळपट्टीचं हाड मोडलं. पुढच्याच वर्षी, 2012 मध्ये, टूर जिंकणारा तो पहिला ब्रिटिश सायकलपटू ठरला.

यात ट्रॅकचं शिक्षण वाया गेलं का? मुळीच नाही. परस्यूटने त्याला एकसारखी गती राखायला शिकवलं होतं. टूरमधल्या दोन्ही मोठ्या 'टाइम ट्रायल' (घड्याळाविरुद्ध एकट्याने धावण्याच्या शर्यती) त्यानेच जिंकल्या. डोंगरात संघाच्या साथीने तीच लय सांभाळली.

दुसरी बाजूही मुलांना सांगावी. 2018 मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने त्याच्या संघावर ठपका ठेवला. उपचारासाठी परवानगी असलेलं औषध कामगिरी वाढवायला वापरलं; नियम मोडला नाही, पण नैतिक मर्यादा ओलांडली, असं समितीचं म्हणणं. विगिन्सने ते नाकारलं. नियमात बसतं ते सगळं योग्यच असतं का? यावर वर्गात चर्चा घ्या. आणि वाढत्या वयाच्या मुलाला 'वजन कमी कर' असं डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच सांगू नका.

वर्गासाठी गणित : बीजिंगच्या अंतिम फेरीत 4 किमीला सुमारे 4 मिनिटे 17 सेकंद लागले. 2012 च्या टूरमध्ये सुमारे 3,497 किमीला साडेसत्त्याऐंशी तास. दोन्हींचा ताशी वेग काढा. उत्तर येईल साधारण 56 आणि 40. मग विचारा, यातलं अवघड कोणतं? उत्तरापेक्षा मुलं कारण काय देतात, ते ऐका.