थरथरीच्या आधीची उदासी

‘हात थरथरायला लागले की कोणीही खचेलच,’ असं घरचे म्हणतात. पण पार्किन्सनच्या कित्येक रुग्णांत नैराश्य कंपाच्या काही वर्षं आधीच येतं. मग ते आजाराच्या धसक्याने आलं, असं कसं म्हणायचं? या आजारात डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन तयार करणारी मेंदूच्या देठातली केंद्रंही झिजतात, आणि मन ताळ्यावर ठेवण्यात या तिन्ही रसायनांचा वाटा आहे.

नैराश्याचं निदान मात्र अनेकदा निसटतं. स्नायूंच्या हालचाली मंदावल्याने चेहरा निर्विकार दिसतो, आवाज खोल जातो; शिवाय या आजारात झोपही बिघडते. त्यामुळे मजेत असलेला माणूस उदास वाटतो आणि खरोखर उदास असलेल्याची उदासी ‘पार्किन्सनच तो’ म्हणून खपून जाते. (दुसरी गफलत जास्त महागात पडते.) चेहरा वाचण्यापेक्षा सरळ विचारावं: नातवंडं आली की बरं वाटतं का? क्रिकेट बघावंसं वाटतं का?

काहींचं मन पार्किन्सनच्या गोळीचा असर ओसरताना ढासळतं आणि पुढच्या डोसनंतर सावरतं. अशा वेळांची नोंद न्यूरॉलॉजिस्टला दाखवावी. कधी डोसच्या वेळा बदलूनही फरक पडतो. नैराश्यावरची औषधं आणि समुपदेशन यांचाही अनेकांना गुण येतो.